संस्थेच्या अहवालात आणि आवाहनपत्रकात फोटो कोणते घ्यावेत? (ऊसतोड कुटुंबं, मुलं, आरोग्य) – चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव

गोदाकाठ

बीड जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा वार्षिक अहवाल आणि देणगीचं आवाहनपत्रक यांची जुळणी चालू आहे. अहवाल ए-४ आकारात ३२ पानी, आतला कागद ८० जीएसएम मॅपलिथो (साधा, चकाकी नसलेला), मुखपृष्ठ आर्ट पेपरवर. पत्रक एकपानी, दोन्ही बाजूंनी छापील. विषय असे: हंगामी वसतिगृह, महिलांचं आरोग्य, सहा वर्षांखालच्या मुलांचं पोषण, आणि दिव्यांग मुलांसाठी साहित्य.

फोटो भरपूर आहेत, पण बहुतेक कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आलेले. कोणी काढले, कुठे काढले याची नोंद अर्ध्यांना नाही. विश्वस्तांपैकी काहींना "मन हेलावणारे" फोटो हवेत, काहींना फक्त हसरे. माझं मत असं की ज्या माणसाचा फोटो आहे त्याच्या हातात तो अहवाल दिला तर त्याला तो स्वतःचा वाटला पाहिजे, आणि चित्रात दिसतं ते खरंही असलं पाहिजे. पण मत असणं वेगळं आणि ३२ पानं भरणं वेगळं. निवडीची पद्धत, परवानगी, छपाई, जे माहीत असेल ते सविस्तर लिहा.

रानवाटा

सुरुवात फोटोंपासून करू नका, ओळींपासून करा. प्रत्येक पानासाठी आधी फोटोखालची ओळ लिहा: कोण, काय करतंय, कुठे, कोणत्या महिन्यात. मग त्या ओळीत बसणारा फोटो शोधा. उलट केलं की आवडलेला फोटो आधी पानावर जातो आणि ओळ त्याच्या मापाने बेतली जाते. बहुतेक चुका तिथेच होतात. ज्या फोटोचं ठिकाण किंवा साल सांगता येत नाही तो बाजूला ठेवा, कितीही सुंदर असला तरी.

आता अचूकपणाबद्दल. ऊसतोडीचा हंगाम साधारण दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जून-जुलैतल्या हिरव्या, गुडघाभर उसात उभ्या असलेल्या बाईचा फोटो "तोडणी करताना" म्हणून छापला तर गावातला शाळकरी पोरगाही चूक दाखवेल. तोडणी कोयत्याने होते, विळ्याने नाही. पाचट काढून, शेंडा तोडून, मोळी बांधून ती गाडीपर्यंत डोक्यावरून न्यावी लागते. हा क्रम दाखवणारे तीन फोटो एकाशेजारी एक लावले तर मजुरीचं स्वरूप वाचकाला न सांगता कळतं. तोडणीचा हिशोब जोडप्यावर चालतो, नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून फक्त पुरुषाचा फोटो मोठा आणि बाई मागे धूसर, अशी मांडणी कामाचं चित्रच चुकवते.

दुष्काळाच्या पानाचंही तसंच. भेगाळलेल्या जमिनीचा फोटो सगळ्यांच्या संग्रहात असतो. बहुतेक वेळा तो तलावाच्या तळाचा असतो, आणि चांगल्या पावसाच्या सालीही उन्हाळ्यात तलावाचा तळ तसाच भेगाळतो. दुष्काळ दाखवायचा तर टँकरभोवतीच्या ड्रमांची रांग, विहिरीत टँकर ओतल्यावर पोहऱ्याने पाणी शेंदणाऱ्या बाया, चारा छावणीतली जनावरं, असं काही घ्या आणि महिना लिहा.

एक गोष्ट सुरक्षिततेची. फडावरच्या (तोडणी चालू असलेल्या उसाच्या रानातल्या) फोटोत ट्रॅक्टरचा नंबर, कारखान्याचा फलक, मुकादमाचा (मजुरांची टोळी आणणाऱ्याचा) चेहरा दिसतो का ते मोठं करून पाहा. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेलं कुटुंब त्या मुकादमाशी बांधलेलं असतं. "मजुरांचे हाल" या मथळ्याखाली त्यांची टोळी ओळखू आली तर त्रास त्यांना होईल, संस्थेला नाही.

आणि वाटपाचे फोटो. घोंगडीचं एक टोक पाहुण्याच्या हातात, दुसरं म्हातारीच्या हातात, दोघंही कॅमेऱ्याकडे बघतायत, मागे फ्लेक्स. असा एकही फोटो अहवालात घेऊ नका. दिलेली वस्तू वापरात असताना दाखवा: शिलाई मशीनवर काज करणारी बाई, सायकलवरून शाळेत निघालेली मुलगी, कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर) लावलेला सौरदिवा. वस्तू दिली हे आपोआप कळतं, आणि ती उपयोगी पडली हेही.

परवानगी

आधी कायद्याचं, कारण काही फोटो घरच्यांनी हो म्हटलं तरी छापता येत नाहीत.

बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त (कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या) बालकाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील वर्तमानपत्र, मासिक, दृक्‌श्राव्य माध्यम वा संपर्काच्या इतर कोणत्याही प्रकारात उघड करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अपवादाला बाल कल्याण समितीची किंवा बाल न्याय मंडळाची लेखी परवानगी लागते, आणि तीही बालकाच्या हिताची असेल तरच मिळते. कामगार कायदे मोडून कामाला लावलेलं मूल, भीक मागणारं मूल, रस्त्यावर राहणारं मूल या व्याख्येत येतात. म्हणजे फडात मोळी उचलणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीचा ओळखू येणारा फोटो "बालमजुरी थांबवा" म्हणून छापणं हे याच कलमाच्या कक्षेत जातं. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सो कायद्याचं कलम २३ आहेच, त्यात कुटुंब, शाळा आणि शेजारपाजारचा तपशीलही येतो. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीबाबत २०१७चा कायदा: लेखी, समजून दिलेल्या संमतीशिवाय स्थिती उघड करायची नाही. मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्यांच्या फोटोंना २०१७च्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २४ लागू होतं.

तुमच्या वसतिगृहातली सगळीच मुलं कलम ७४ खाली येतील असं नाही, आई-वडील हंगामाला गेलेत आणि मूल आजीच्या देखरेखीत शाळेत जातंय. पण तिथेही पालकांची लेखी संमती हवीच, आणि मुलालाही विचारायचं. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम २०२३ मध्येही १८ वर्षांखालची व्यक्ती बालकच आहे आणि पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. संकेतस्थळावर फोटो टाकणार असाल तर संमतीपत्र आत्ताच त्या दृष्टीने करून घ्या.

संमतीपत्र एका पानाचं, मराठीत, १४ पॉइंट अक्षरात. वापर वेगवेगळे विचारायचे: छापील अहवाल, संकेतस्थळ व समाजमाध्यमं, देणगीचं पत्रक. तिन्हींना वेगळी चौकट. अनेकजण अहवालाला हो म्हणतात आणि पत्रकाला नाही, तो त्यांचा हक्क आहे. नाव छापायचं का, गाव छापायचं का, हेही वेगळं. मुदत तीन वर्षं लिहा. "नाही म्हटलं तरी मिळणारी मदत बंद होणार नाही" हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा, आणि शक्य असेल तर जो कार्यकर्ता धान्य वा औषध देतो त्याच्याऐवजी दुसऱ्याने विचारा. देणाऱ्याने विचारलं की नाही म्हणणं अवघड होतं. अंगठा असेल तर साक्षीदार वस्तीतला घ्या, संस्थेचा नको. संस्थेचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्याकडे ठेवा, आणि छापून झालेल्या प्रती परत घेता येत नाहीत हेही आधीच सांगा.

सोपी युक्ती: फोटो काढण्याआधी भरलेल्या संमतीपत्राचाच एक फोटो काढा, मग माणसाचे. कॅमेऱ्यात ते क्रमाने राहतात आणि नंतर जोड्या लावताना घोळ होत नाही. फाइलच्या नावात तारीख, गाव, उपक्रम, छायाचित्रकार आणि संमतीपत्राचा क्रमांक.

सातबारा

वरचं सगळं पटतं, पण आवाहनपत्रकाचं काय? देणगीदार पाच सेकंद बघतो आणि टाकून देतो. रडणाऱ्या मुलाचा फोटो थांबवतो हे अनुभवी लोक सांगतात. हसरे फोटो पाहून माणूस म्हणेल, यांचं तर बरं चाललंय.

रानवाटा

@सातबारा, प्रश्न रास्त आहे, पण रडणारं मूल की हसरं मूल असे दोनच पर्याय नाहीत. नुसते हसरे फोटो हीसुद्धा फसवणूकच. पहाटे चारला थंडीत कोपीबाहेर चूल पेटवणारी बाई, ताडपत्रीच्या आत झोपलेली पोरं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणारा माणूस: यात कष्ट पुरेपूर दिसतात, आणि माणूस काहीतरी करताना दिसतो. कष्ट जरूर दाखवा. टाळायचं ते असं: शेंबूड, उघडं अंग, वरून खाली घेतलेला कोन, एकटं मूल, आजूबाजूला कोणी मोठं नाही. त्या मुलाला आई नाही, गाव नाही, असं खोटं चित्र त्यातून उभं राहतं. आई तीन फुटांवर उभी असते, फक्त चौकटीबाहेर कापलेली असते.

पत्रकात एकच मोठा फोटो घ्या आणि त्याशेजारी एक नेमकी रक्कम व तिचं काम लिहा. वाचकाला थांबवायला तेवढं पुरतं. आयर्लंडमधल्या स्वयंसेवी संस्थांच्या डोखस या महासंघाने फोटो आणि संदेशांबद्दल आचारसंहिता केली होती, तिचा गाभाही हाच की दृश्य निवडताना त्या माणसाची प्रतिष्ठा आणि परिस्थितीचं सत्य दोन्ही सांभाळा. विश्वस्तांसमोर अशी एखादी लेखी संहिता ठेवली की चर्चा आवडीनिवडीवर अडकत नाही.

अंगणवाडी

पोषणाच्या पानांवर चूक झाली तर ती नुसती दिसायला वाईट नसते, लोक फोटो बघून तसंच करतात. म्हणून हे तपासा.

दंडघेर पट्टीचा (दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायच्या रंगीत पट्टीचा) फोटो: डावा दंड, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल खाली सोडलेला. बहुतेक फोटोंत मुलाचा हात वर उचललेला किंवा कोपरात वाकवलेला असतो, कारण तसा तो कॅमेऱ्याला नीट दिसतो. ते माप चुकीचं. पट्टी कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको, खाली फटही नको. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी ११.५ सेंटीमीटरखाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, त्यावर हिरवा. ओळीत "कुपोषित बालक" लिहून पट्टीवर हिरवा रंग दिसत असेल तर अख्ख्या पानाची विश्वासार्हता गेली. दंड आणि मोजणाऱ्या ताईचे हात एवढीच चौकट घ्या. मुलाचा चेहरा लागतच नाही, आणि माहिती पूर्ण पोचते.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात, त्यावरच्यांची उंची उभं करून. सहा महिन्यांआधी वरचं अन्न देतानाचा फोटो नको. दुधाची बाटली तर पार्श्वभूमीतही नको. ओआरएसची नेहमीची मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, ती पेल्यात ओतताना दाखवू नका. हात धुण्याच्या फोटोत साबण दिसलाच पाहिजे.

"आधी" आणि "नंतर" अशी बाळाच्या फोटोंची जोडी सगळ्यांना हवी असते. त्याऐवजी वाढीचा तक्ता छापा. वजनाची रेघ खालच्या पट्ट्यातून वर चढताना दिसते, ती पुराव्यासाठी फोटोपेक्षा भक्कम, आणि मूल मोठं झाल्यावर त्याचा उघडा, हाडं दिसणारा फोटो इंटरनेटवर फिरत राहत नाही. तक्त्यावरचं नाव आणि नोंदणी क्रमांक मात्र स्कॅन करण्याआधी कागदाने झाका.

महिलांच्या आरोग्याच्या पानाबद्दल विशेष काळजी. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दलचा मजकूर असेल आणि शेजारी फडातल्या एखाद्या ओळखीच्या बाईचा साधा हसरा फोटो असेल, तर वाचणारा तिचीच शस्त्रक्रिया झाली असं धरतो. ओळीत तसं लिहिलं नसलं तरी. दारू, क्षयरोग, एचआयव्ही, कौटुंबिक हिंसा, या सगळ्या मजकुरांना हे लागू. अशा पानांवर हात, कोयता, रिकामी कोपी, बैठकीचं पाठमोरं दृश्य घ्या किंवा रेखाचित्र काढून घ्या.

मॅपलिथो

छपाईचं थोडक्यात सांगतो, कारण छपाईत बिघडलेला चेहराही अनादरच.

व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) तो १३.५ सेंटीमीटरपर्यंत बरा छापतो. पूर्ण ए-४ पानाला २४८० बाय ३५०८ लागतात, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरली तर २५५१ बाय ३५७९. कार्यकर्त्यांना सांगा, फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, किंवा ड्राइव्हवर टाका. संगणकावर ताणून मोठा केलेला चेहरा मेणाचा दिसतो.

मॅपलिथोवर शाई पसरते. सावलीतले भाग भरून येतात आणि सावळे चेहरे काळ्या डागासारखे छापून येतात, डोळे दिसत नाहीत. यावर कलाकार मंडळी सरळ चेहरे गोरे करतात. तसं होऊ देऊ नका. उपाय असा: फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या कर्व्ह या सोयीने मधल्या छटा थोड्या उचला, गडद टोक तसंच ठेवा, आणि बदल सगळ्या फोटोला करा, नुसत्या चेहऱ्याला नको. शेजारी उभ्या दोघींच्या रंगातला फरक छपाईनंतरही तेवढाच राहिला पाहिजे. एकूण शाई (चारही रंगांची टक्केवारी मिळून) २८०% च्या आत. प्रूफ (नमुना प्रत) त्याच कागदावर काढा. चकचकीत लेझर प्रिंटवर सगळंच छान दिसतं आणि फसायला होतं.

काढतानाच काळजी घेतली तर निम्मं काम वाचतं: दुपारच्या उन्हाऐवजी ओसरीची सावली, पाठीमागे उजेडाचं दार नको, फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड ठरवा. मुलांचे फोटो बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून. फोन चेहऱ्याजवळ नेला की नाक मोठं येतं. दीड-दोन मीटरवर उभं राहून नंतर कापा.

आणि ओळख लपवण्याबद्दल एक महत्त्वाचं. वर्डमध्ये किंवा कोरलमध्ये चेहऱ्यावर काळा चौकोन ठेवून पीडीएफ केली तर तो चौकोन हलवता येऊ शकतो. वर्डमध्ये कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो, कोरलच्या पॉवरक्लिपमध्ये (फोटो चौकटीत बसवायच्या सोयीत) तर अख्खा फोटो आत असतो. फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कापा, नवीन जेपीईजी म्हणून जतन करा, मग पानावर आणा. फोटोच्या माहितीत जीपीएसचं ठिकाण असतं, संकेतस्थळावर टाकताना तेही काढा. डोळ्यांवरची काळी पट्टी तर वापरूच नका. ओळखणारे ओळखतातच, वर मूल आरोपीसारखं दिसतं. ओळख लपवायची असेल तर काढतानाच पाठमोरा फोटो घ्या, आणि गणवेशावरचा शाळेचा बिल्ला बघा.

पांढरीकाठी

दिव्यांग मुलांच्या साहित्याचा उल्लेख आहे म्हणून लिहितो. दवाखान्यातली मोठी चाकाची खुर्ची, त्यात बुडालेलं मूल, पाय लोंबकळतायत, मागून कोणीतरी ढकलतंय: हा फोटो साहित्य चुकीचं दिलं याचाच पुरावा आहे. नीट मापाच्या खुर्चीत पाय पायपट्टीवर टेकतात आणि मुलाचे हात चाकाच्या कडीपर्यंत पोचतात. काखेतल्या कुबडीचा वरचा भाग आणि काख यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं, भार हातांवर. कुबडी काखेत रुतलेली दिसत असेल तर फोटो बाजूला ठेवा आणि आधी कुबडीची उंची नीट करून द्या.

कर्णबधिर मुलं खुणांच्या भाषेत बोलत असतील तर हात कापू नका, त्यांचं बोलणं तिथेच आहे. अंध मुलगी काठी घेऊन चालत असेल तर काठीचं टोक चौकटीत असू द्या. मित्रांबरोबर डबा खाणारं, फळ्यावर गणित सोडवणारं मूल दाखवा. खुर्ची फोटोत असेलच, विषय मात्र गणित असू दे. संकेतस्थळावर प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर (अंध वाचकाला फोटोऐवजी ऐकू येणारं वर्णन) द्या, "फोटो ३" असा नव्हे तर "चौथीतली मुलगी ब्रेल पाटीवर सळईने लिहिते आहे" असा.

गोदाकाठ

मंडळी, मनापासून आभार. दंडघेर पट्टीचे पाच फोटो होते, त्यातल्या तीन फोटोंत हात वाकलेला आहे, ते काढले. तीन प्रश्न उरलेत. कंपनीच्या सामाजिक निधीतून मिळालेल्या मदतीसाठी त्यांना लाभार्थ्यांसोबत फलकाचा फोटो हवाय. काही फोटो स्वयंसेवकांनी हौसेने काढलेत, त्यांचा हक्क कोणाकडे? आणि एका विश्वस्तांचं म्हणणं, परवानगीची कटकट नको, एआयवर चित्रं बनवू.

परवानगी

निधीचा फलक: करारातच लिहा की कंपनीचं बोधचिन्ह पानाच्या तळाशी येईल आणि वास्तू किंवा यंत्रावर नाव येईल, माणसांच्या हातात फलक दिला जाणार नाही. झालेल्या करारात नसेल तर वसतिगृहाच्या दारावरच्या पाटीचा फोटो द्या, बहुतेक कंपन्यांच्या अहवालाला तो चालतो.

हक्क: प्रताधिकार कायदा १९५७ नुसार फोटोचा पहिला मालक सहसा छायाचित्रकार. पगारी नोकरीचा भाग म्हणून काढला तर नोकरी देणारा, मोबदला देऊन काढून घेतला तर काढून घेणारा, वेगळा करार नसेल तर. हौसेने काढणारा स्वयंसेवक यातल्या कशात बसत नाही, फोटो त्याचाच. त्याच्याकडून वापराची लेखी परवानगी घ्या आणि पानावर श्रेय द्या. गूगलवर सापडलेला फोटो फुकट नसतो. विकिमीडिया कॉमन्सवरचा असेल तर सहसा छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा प्रकार छापावा लागतो.

रानवाटा

एआयच्या चित्राबद्दल: अहवाल म्हणजे झालेल्या कामाचा हिशोब. जी बाई नाही, जी कोपी नाही, तिचं फोटोसारखं चित्र हिशोबात घालायचं नाही. शिवाय ही चित्रं गरिबीचा ठरलेला साचा उचलतात: मळके चेहरे, पाणावलेले डोळे, आणि लुगडं कुठल्या राज्यातलं ते कळत नाही. कोयता तर हमखास चुकतो. ओळख लपवायची असेल तर जिल्ह्यातला चित्रकार गाठा, त्याला फडावर अर्धा दिवस न्या, सात-आठ रेखाचित्रं काढून घ्या. काळ्या रेषेची चित्रं मॅपलिथोवर फोटोपेक्षा स्वच्छ छापतात, हे मॅपलिथोही सांगतील.

आणि छापखान्यात फाइल जाण्याआधी पानांच्या साध्या झेरॉक्स घेऊन वस्तीवर जा. ज्यांचे फोटो आहेत त्यांना फोटो दाखवा आणि खालची ओळ वाचून दाखवा. नावाचं शुद्धलेखन, नातं, गाव, यातल्या चुका तिथेच सापडतात. कोणी "हा नको, तो दुसरा घ्या" म्हणालं तर बदला. यासाठी छपाईच्या वेळापत्रकात चार दिवस धरा. कुटुंबं हंगामाला गेली असतील तर पानाचा फोटो फोनवर पाठवा आणि ओळ आवाजी संदेशात वाचून पाठवा.

मॅपलिथो

हो, रेषाचित्रं छानच येतात, फक्त स्कॅन ६०० डीपीआयच्या वर करा आणि एकट्या काळ्या शाईत ठेवा. चार रंगांत फोडली तर रेषेला कडेने रंगीत झालर येते.